चाकण सुटल्यावर

तळेगावचे कासमभाई सकाळीच थेरगावला आमच्या दारात येऊन उभे राहिले. सायकल दुरुस्तीचं दुकान उघडायच्या वेळेला हा माणूस इथं कसा, असं मनात येतंय तोवर ते म्हणाले, "भाभी, विमलताई सकाळी उठल्याच नाहीत." माझी नणंद त्यांच्याकडे भाड्याच्या खोलीत राहायची. रडू फुटायच्या आधी माझ्या तोंडून काय निघावं… "एकट्याच होत्या?"  कासमभाई म्हणाले, "एकट्याच की. नेहमीसारख्या." त्याला आता दीड महिना झाला, पण तो प्रश्न मी विचारला, हे काही मनातून जात नाही.

विमलवन्सं माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. मामंजी लवकर गेले, धाकट्या भावाचं शिक्षण व्हायचं होतं, म्हणून त्या पिंपरीच्या एका कंपनीत वायरिंगच्या कामाला लागल्या आणि लग्न राहून गेलं ते गेलंच. कामाला चोख, बोलायला मोजक्या. पण वर्षातून तीन-चार वेळा सुट्टीला रजा जोडायची, जुन्या बाजारातून आणलेली खाकी पिशवी पाठीला लावायची आणि एसटीनं निघायचं. सासूबाई विचारायच्या, "कुठं?" "जुन्नरकडं." "कोणाकडं?" "कोणाकडं नाही." पस्तिशी ओलांडलेली बाई कोणाकडं नाही म्हणून घराबाहेर पडते, हे सासूबाईंच्या गळी उतरत नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नाही. त्यातच एक अंतर्देशीय पत्र आलं. अक्षर पुरुषाचं. सासूबाईंनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. 'खोली राखून ठेवली आहे. वाट पाहतो.' खाली नाव नव्हतं. मी ते पुन्हा चिकटवून ठेवलं आणि त्या दिवसापासून वन्संच्या प्रत्येक हालचालीवर माझं लक्ष राहू लागलं.

त्या दिवाळीत सासूबाई म्हणाल्या, "या वेळेला तू जा तिच्यासंगं." हेही म्हणाले, "बघून ये एकदा." मी हवापालटाचं निमित्त सांगितलं. वन्संना इतका आनंद झाला की त्यांनी माझ्यासाठी दुसरी पिशवी स्वतः शिवली, पट्टे माझ्या खांद्याला लावून मापाचे करून दिले. नाशिक फाट्याला आम्ही एसटीत बसलो. चाकण सुटल्यावर वन्संनी रुमालाची गाठ सोडली, त्यातनं काळे मणी काढले आणि खिडकीबाहेर बघत गळ्यात घातले. मी झोपेचं सोंग घेतलं. 

जुन्नरच्या पलीकडं एका शाळेचं वसतिगृह होतं. सुट्टीत मुलं घरी गेली की तिथल्या खोल्या वाटसरूंना देत. सारवलेली जमीन, दोन जाड गोधड्या, चुलीवरची भाकरी, आंघोळीला बंबातलं कडकडीत पाणी. इतकी ऊब मला माहेरीही आठवत नाही. सगळं बघणाऱ्या काशीमावशींनी दारातच विचारलं, "मालक न्हाई आलं व्हय औंदा बी?" वन्सं सहज म्हणाल्या, "त्यांची शिफ्ट आहे." आणि वहीत नाव लिहिलं, सौ. विमल. हात जरासुद्धा थांबला नाही.

दोन दिवस आम्ही डोंगर चढलो, तळ्याच्या काठावर नुसत्या बसून राहिलो. वन्सं हसत होत्या, गाणं गुणगुणत होत्या. मी शाळेच्या मास्तरांकडं बघत होते, दूधवाल्याकडं, अगदी एसटीच्या कंडक्टरकडंही. कोणी आलं नाही. पण त्यामुळं माझा संशय वाढलाच. मी सोबत आहे म्हणूनच तो आला नसेल, असं मला वाटलं.

परत आल्यावर मी सासूबाईंना मण्यांचं सांगितलं. वन्संना एका शब्दानं न विचारता. पत्राचाही विषय निघाला. घरात जे झालं ते इथं सगळं लिहवत नाही. वन्सं शांतपणे म्हणाल्या, "पहिल्या वेळेला तीन ठिकाणी मला दारातनं परत पाठवलं. एकट्या बाईला खोली नाही म्हणाले. चौथ्या ठिकाणी काशीमावशींनी विचारलं, मालक मागनं येतात का? मी हो म्हटलं, तर खोली मिळाली. पत्र त्यांनीच मास्तरांकडून लिहून घेतलं होतं." सासूबाईंना पटलं नाही. हे म्हणाले, फिरणं सोड नाहीतर घर सोड. आठवड्याभरात वन्संनी तळेगावला खोली घेतली. निघताना मला एवढंच म्हणाल्या, "सुधा, तू मला तिथंच का विचारलं नाहीस?"

पुढं सणावाराला येत राहिल्या, माझ्याशी बोलतही राहिल्या. तरी माझ्या मनातली पाल चुकचुकायची काही थांबली नाही. त्या गेल्यावर खोली रिकामी करायला गेले, तेव्हा गादीखाली, डब्यांमागं मी शोधत होते… एखादा फोटो, एखादं पत्र. काही नव्हतं. तेव्हा मला माझीच लाज वाटली.

मागच्या आठवड्यात मी एसटीनं त्या वसतिगृहात गेले. काशीमावशी आता थकल्यात. वन्सं गेल्याचं सांगितलं तशा खाली बसल्या. मी सगळं कबूल केलं, वहीतलं 'सौ.' खोटं होतं, मालक कोणी नव्हतेच, हेही. त्या म्हणाल्या, "मला पयल्या दिशीच कळलं व्हतं. संसाराची बाई अशी निवांत बसत न्हाई."

"मग खोली कशी दिलीत?"

"दमून आली व्हती पोर. आनि मालकाचं इचारलं न्हाई, तर मास्तर मला इचारनार, एकट्या बाईला खोली का दिली म्हनून."

रात्री त्यांनी मला तीच खोली दिली. मी एकटीच होते. अशी मी आयुष्यात कधी झोपले नव्हते.

दुसऱ्या दिवशी घरी आले. हे कंपनीतनं येऊन चहा घेत होते. मी पिशवी खाली ठेवली. त्यांनी विचारलं, "बरोबर कोण होतं?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

त्यांनी कप खाली ठेवला आणि माझी पिशवी स्वतःकडं ओढली…