आयदालिनच्या शालीचा कोपरा

आयदालिन कंगव्यातले केस बोटाला गुंडाळून चुलीत टाकायची. नखं कागदाच्या पुडीत, पुडीही चुलीत. दाराची कडी लावली तरी मागे फिरून ओढून बघायची. गिऱ्हाइकाचं माप ती दोनदा घ्यायची. शिवणाच्या मशीनखालच्या चिंध्या ती वेचून पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि संध्याकाळी जाळायची. म्हणून तर वस्तीतल्या बायका डोळे मिटून तिच्याकडे कापड टाकत.

शेजारची पानसुपारीवाली बिस्नेट, सगळ्यांची कोंग म्हणजे ताई, चिडवायची, "काय गं, तुझं मशीन टाका घालायच्या आधी 'घालू ना नक्की?' असं विचारतं का?"

आयदालिन हसायची. मग घातलेला टाका उसवून परत घालायची.

चढावरच्या शेवटच्या घरात म्हातारी थेइलिन एकटी राहायची; सगळे तिला मेइराद, म्हणजे आजी, म्हणत. तिच्या घरी थ्लेन नावाचा साप पाळलाय, असं सगळे धरून चालत. त्या सापाला म्हणे माणसाचा केस नाहीतर अंगावरच्या कपड्याचा तुकडा द्यावा लागतो. ज्याचा तुकडा, तो झिजत जातो. साप कुणी पाहिला नव्हता. चर्चमध्ये मात्र म्हातारीच्या शेजारची जागा कायम रिकामी असायची.

त्या हिवाळ्यात एका सकाळी म्हातारी काठी टेकत आयदालिनच्या दारात उभी राहिली.

"पोरी, कांबळं फाटलंय. नेमकी पाठच उघडी पडते. एखादी लोकरीची चिंधी असली तर..."

डबा आयदालिनच्या पायाशीच होता. भरलेला.

"नाही, मेइराद. सगळ्या जाळल्या."

म्हातारीने डब्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली आणि हळूहळू वळली.

"शाबास!" बिस्नेट पलीकडून म्हणाली. "दिली असतीस ना, तर उद्यापासून कुणी तुझी पायरी चढलं नसतं. आणि त्यात माझ्या निळ्या पोलक्याचा तुकडा आहे. तो जाळ आधी!"

आयदालिनने डबा चुलीत उपडा केला. चिंध्या लोकांच्या होत्या. लोकांची भीतीही त्यांचीच. त्या चिंध्या परस्पर देऊन टाकायचा तिला काय अधिकार?

मशीनवर बसली, तर शिवण वाकडी जायला लागली. आपल्याला कधी कुणासाठी काही जमलंय का, असं तिच्या मनात आलं. घरात लोकरीची एकच वस्तू होती. तिच्या अंगावरची शाल. शालीला तिचे केस चिकटलेले होते, घामाचा वास होता. कात्री तिने दोनदा उचलली आणि ठेवली. तिसऱ्यांदा डोळे मिटून कोपरा कापला.

तुकडा मुठीत धरून ती चढ चढायला लागली. प्रत्येक खिडकीतून कुणीतरी बघतंय असं वाटत होतं.

म्हातारीने तुकडा पाहिला आणि हात मागे घेतला.

"तुझ्या अंगावरचा? वेडी आहेस का? घेऊन जा. उद्या तुला नुसता खोकला झाला, तरी हे लोक माझं घर पेटवतील."

हे आयदालिनच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं ती स्वतःपुरतीच घाबरत होती. ही म्हातारी वस्तीतल्या प्रत्येकाच्या खोकल्याला घाबरत होती.

"मग मी खोकणार नाही," ती म्हणाली.

म्हातारी मग खुदकन हसली. तिने पान लावलं, सुपारी ठेवली आणि पुढे केलं. आयदालिनने ते तोंडात टाकलं. चुना जिभेला चरचरला. घसा खवखवल्यासारखा झाला. चुन्याने की भीतीने, कळेना. खोकला गिळून तिने सुई ओवली.

ठिगळाची एक बाजू झाली. दुसरी झाली. तिसरीला हात घातला तोच खालून हाक आली.

"आयदालिन! अगं, त्या घरात काय करतेस तू?"

बिस्नेटची हाक. तिच्यामागे आणखी आवाज.

म्हातारीने घाईघाईने कांबळं ओढलं. "मागच्या दाराने जा. मी सांगेन, कुणी आलंच नव्हतं."

आयदालिनने सुई कांबळ्यात तशीच टोचून ठेवली. उठली आणि पुढच्या दारात जाऊन उभी राहिली. कोपरा कापलेली शाल सगळ्यांना दिसत होती.

"ठिगळ लावतेय, कोंग!" ती ओरडली. आवाज फाटला, पण खालपर्यंत पोचला.

आत, म्हातारीच्या मांडीवर, ठिगळाच्या दोन बाजू अजून सुट्या होत्या.