ओर्लिंडाच्या वजनावर आवळलेले बोल्ट

बेलार्मिनो त्रुहियोने एस्पन्योला गावातल्या शाळेच्या बसगाड्या एकतीस वर्षं दुरुस्त केल्या, पण त्यातल्या एकीचंही त्याला कधी कौतुक वाटलं नाही. त्याचा सगळा जीव घरच्या मॉन्टे कार्लो गाडीत अडकलेला. एक्क्याऐंशी सालची, वाळत घातलेल्या मिरच्यांसारखी लालबुंद. एक कळ दाबली की डिकीतले पंप गुरगुरायचे आणि गाडीचं शेपूट आभाळाकडे जायचं. दुसरी दाबली की पोट रस्त्याला टेकायचं. दर ईस्टरला गावातल्या अशा गाड्यांची रांग रिव्हरसाइड रस्त्यावरून मुंगीच्या पावलांनी निघे. पुढे बेलार्मिनो आणि शेजारी त्याची बायको ओर्लिंडा. छत्तीस वर्षांत यात खंड पडला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात ओर्लिंडाच्या पाठीच्या कण्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, गाडीत बसायला हरकत नाही, फक्त हिसके नकोत. बेलार्मिनोने ते फारच मनावर घेतलं. मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे चाकांचा आस, सांगाड्याला धरून ठेवणारे चार दांडे, म्हणजे आर्म, त्याने काढून टाकले आणि स्वतःच्या हातांनी नवे बनवले. जाड नळी, सुबक वेल्डिंग, वर आरशासारखा क्रोमचा मुलामा. प्रत्येक टोकाला कडक रबराची जाड कडी, म्हणजे बुश; कुठे काही हलायलाच नको. हौशी माणसाला आवरणार कोण?

पहिली फेरी पोस्टापर्यंत झाली. प्रत्येक खड्ड्याला मागून धाडकन आवाज यायचा. दाराची मूठ ओर्लिंडाने अशी धरली होती की तिची बोटं पांढरी पडली.

घरी आल्यावर ती म्हणाली, "गाडी छान झालीय रे. पण या ईस्टरला तू आपला कोंपाद्रेबरोबर जा. मी घरी बिस्किटं भाजते."

कोंपाद्रे म्हणजे फिलाडेल्फियो, त्यांच्या मुलीचा धर्मपिता. बेलार्मिनोला त्या दिवशी जेवण गेलं नाही. ती शेजारी नसेल तर ती रांग त्याला कवडीमोल होती.

दुसऱ्या दिवशी फिलाडेल्फियो येऊन गाडीखाली शिरला.

"स्प्रिंगा काढून अ‍ॅक्सल हलवून बघितलास?"

"मला शिकवतोस? एकतीस वर्षं मी..."

"बसगाड्या राहू देत बाजूला. बघितलास की नाही?"

"नाही," बेलार्मिनो पुटपुटला.

दोघांनी स्प्रिंगा काढल्या. एका चाकाखाली जॅक लावला. अ‍ॅक्सल दोन बोटं वर गेला आणि अडला. मग अख्खी गाडीच त्याच्याबरोबर उचलली जायला लागली.

"हे आर्म नाहीत बाबा, बेड्या आहेत बेड्या! एक चाक खड्ड्यात गेलं तर अ‍ॅक्सलने तिरकं व्हायचं कसं? आणि बोल्ट कधी आवळलेस?"

"शेपूट वर असताना."

"का रे?"

"तेव्हाच क्रोम दिसतो ना."

फिलाडेल्फियोने कपाळावर हात मारला. गाडी उचललेली असताना आवळलेलं रबर गाडी खाली आली की पिळलेलंच राहतं आणि प्रत्येक खड्ड्याला उलटा धक्का देतं. बसगाड्यांच्या बाबतीत हे बेलार्मिनो झोपेतही चुकला नसता. पण बसगाडीला मिरवायचं नसतं.

त्याने प्रत्येक आर्मचं एक टोक कापलं. क्रोम जळत होता, तरी कापलं. तिथे सगळीकडे फिरणारा गोल सांधा जोडला. आता एक चाक वर, एक खाली, अ‍ॅक्सल कसाही हलवला तरी कुठे अडेना. मग स्प्रिंगा परत बसवून गाडी रस्त्यावर चालते त्या उंचीला आणली आणि चारी चाकं लाकडी ठोकळ्यांवर ठेवली. बोल्ट आवळायचे तर आत माणसांचं वजनही हवं. चालकाच्या जागी फिलाडेल्फियो बसला. ओर्लिंडाच्या जागी बेलार्मिनोने पन्नास-पन्नास पौंडांची राजम्याची तीन पोती ठेवली.

काठी टेकत ओर्लिंडा अंगणात आली. "हे काय?"

"तू."

"तीन पोती?" ती हसली. "अरे म्हाताऱ्या, मी आता जेमतेम दोनवर आलेय. बघतोस कुठे रोज?"

रोज तिला हाताला धरून उठवणारा हा माणूस, आणि त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तो खाली मान घालून पोती उतरवायला लागला.

"उतरव सगळी. मीच बसते."

ती बसली. तो पाना घेऊन गाडीखाली सरकला.

"श्वास घेऊ ना?" वरून तिने विचारलं.

"घे की! पण कोंपाद्रेला हसवू नकोस, ढेरी हलते त्याची."

त्याने आठही बोल्ट एकेक करून आवळले. डोळे दोनदा पुसावे लागले. कुणी विचारलं असतं तर गंज पडला म्हणाला असता.

ईस्टरच्या रविवारी ती गाडीत बसली, पण एका अटीवर: दुखलं की लगेच परत. पहिला खड्डा आला तेव्हा बेलार्मिनोने श्वास रोखला. गाडी नुसती डुलली. दुसरा गेला. तिसऱ्यानंतर त्याने हळूच विचारलं, "दुखतंय का गं?"

झोपेत तिचं डोकं त्याच्या खांद्यावर कललं होतं. ऑपरेशननंतर एका दमात तासभर झोप अशी तिला लागलीच नव्हती.

रिव्हरसाइडवर दोन्ही बाजूंना माणसं खच्चून भरली होती. "उचल, बेलो! उचल!" पोरंसोरं ओरडत होती. त्याचं बोट सवयीने कळेपर्यंत गेलं आणि मागे आलं. तेच बोट त्याने ओठांवर ठेवलं. पुढचे लोक गप्प झाले, मागच्यांना गप्प करत गेले. चौकात मागची रांग वळली. बेलार्मिनो सरळ गेला, पूल ओलांडून, तिला जाग येईपर्यंत थांबायचं नाही असं ठरवून.