आमच्या हेडसरांनी थोपवलेला फ्लू

सगळ्या बेळगाव जिल्ह्यात फ्लूच्या साथीशी आमच्या हेडसरांइतका जिवापाड झगडलेला माणूस सापडायचा नाही, आणि तोच फ्लू त्यांच्याइतका मनोभावे घरोघरी पोचवणाराही सापडायचा नाही. आमची मराठी शाळा कडोलीच्या पुढच्या एका खेड्यात आहे. मी तिथं नवी बाई म्हणून रुजू झाले, तेव्हा सर शाळेच्या फाटकात उभे राहून प्रत्येक मुलाचे हात हुंगत होते. साबणानं हात धुवावेत असं वरून कन्नड परिपत्रक आलं होतं, म्हणून साबणाचा वास आला तरच पोरगं आत. अख्ख्या शाळेचे हात एकाच नाकाखालून चाललेले बघून यानं साथ थांबेल की पसरेल, हेच मला कळेना. विचारलं, तर हेडमास्तरला काय होतंय, म्हणाले. पुढं शिंक कोपरात द्यायची असं आलं, तेव्हा कवायतीच्या तासाला त्यांनी शिंकेचा सराव ठेवला. एक म्हटल्यावर हात वर, दोनला कोपर नाकाशी, तीनला शिंक. खोट्या शिंका काढता काढता काही पोरांना खऱ्या लागल्या, आणि यातली सरावाची कुठली न् सर्दीची कुठली, हे ओळखण्यात सरांचा तास संपला.

या सगळ्यामागं चौथीतली सानिका होती. तिला दमा आहे. मागल्या हिवाळ्यात साध्या तापानं तिला दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, आणि यंदा तिला काही होऊ द्यायचं नाही हे सरांनी फार मनावर घेतलं होतं. म्हणून तिच्याच वर्गातल्या ओंकारला ताप आल्याबरोबर त्यांनी त्याला घरी पाठवलं, बरा होईपर्यंत यायचं नाही म्हणून बजावलं. इथवर सगळं ठीक होतं. पण आमच्या भागात आजारी माणसाला बघायला गेलं नाही, तर भांडण झालंय की काय असं लोक धरून चालतात. त्याच संध्याकाळी सर सगळा वर्ग घेऊन ओंकारच्या घरी निघाले. मी अडखळत हरकत घेतली, तर त्यांनी मला समजावलं, "पोरानं शाळेत यायचं न्हाय म्हटलंय, बाई. शाळेनं पोराकडं जायचं न्हाय, असं कुठं लिव्हलंय?" मग मीही गेले. सगळ्यांनी अंथरुणाभोवती दाटीवाटीनं बसून ओंकारच्या कपाळाला आळीपाळीनं हात लावून ताप बघितला. बिस्किटाचा पुडा सानिकानं दिला.

आठवड्याभरात निम्मा वर्ग झोपला, आणि उरलेला निम्मा त्यांना बघायला जात राहिला. सर पार गोंधळून गेले. एकालाही ताप घेऊन आत येऊ दिलं नाही, मग हा आला कुठनं, असं मला विचारायला लागले. तेवढ्यात सानिकाला धाप लागल्याचं कळलं. मग मात्र, आपणच तिला ओंकारच्या अंथरुणापाशी नेलं, हे मी सरांना सांगून टाकलं. ते "व्हय की" एवढंच म्हणाले. सानिकाला बेळगावच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तिथं ते रोज जायचे, पण वॉर्डाबाहेरच्या बाकावरच बसायचे. सर दारातनं परत जातात म्हणून सानिकाच्या आईला वाईट वाटलं, आणि ती रुसली. सरांना तिला काही समजावता येईना. पोरगी बरी होऊन घरी आली, त्या दिवशी मला रडू आलं.

मग सर तापानं पडले. बायको मागंच गेली, मुलगा पुण्याला, घरात एकटेच. आजाऱ्याला बघायला जायचं नाही, हा नियम पोरांना आता पक्का कळला होता, त्यामुळं कुणी फिरकलं नाही. मी पेज घेऊन गेले, डबा दारात ठेवला आणि हाक मारली. सर खिडकीशी आले, डोळे लाल झालेले. पोरं येत नाहीत हे बरंच आहे, असं दोनदा म्हणाले. मी वळले, तसा मागनं आवाज आला, "आत येऊ नगा, बाई. पर लगेच जाऊ बी नगा."

मी पायरीवर बसले. अंधार पडेपर्यंत मी तिथंच होते.