जर्मन रेकॉर्ड आणि सतरा डबं

आमच्या आक्काचं लग्न एका जर्मन बँडनं जवळजवळ मोडलंच हुतं.

बँडचं नाव मला तवाबी म्हणता येत न्हवतं, आत्ताबी येत न्हाय. आणीबाणी उठली त्या वर्षी मामा कारखान्याच्या ट्रेनिंगला जर्मनीला गेलता, तिथनं त्यानं त्यांची रेकॉर्ड आणली. गाणं न्हाय, पेटी न्हाय, माणसाचा आवाजबी न्हाय! वीस मिनटं नुसतं पुक् पुक् पुक् पुक्. (मामा म्हणाला, "ह्येला प्रयोग म्हणत्यात." आई म्हणाली, "परत दिऊन ये.")

आक्काला बघायला बेळगावचं पाव्हणं यायचं हुतं. आधीची दोन स्थळं 'कळवतो' म्हणून गेलती, ती अजून कळवाल्यात! म्हणून आप्पा सकाळपासनं मला एकच सांगत हुतं, "आज माकडचाळं न्हाईत!" पण मला वाटलं, कळू दे की पाव्हण्यांना, घर फॉरीनचं हाय! गणपती मंडळाचा कर्णा कौलावर चढवला, आणि पाव्हण्यांच्या हातात चहा पडल्या पडल्या रेकॉर्ड लावली.

पुक् पुक् पुक् पुक्!

आता आमचं गाव कोगनोळीच्या अलीकडं. पिठाची गिरण एकच. तिचं इंजान सुरू झालं की पुक् पुक् गावभर ऐकू येतंय, आणि बायका डबं घेऊन निघत्यात. तेच इंजान आठ दिवस बंद पडलेलं. घराघरात पिठाचा खडखडाट!

पाच मिनटात आमच्या दारात सतरा बायका. डोक्यावर जोंधळ्याचं डबं.

"नवं इंजान कुठं बसवलंय रं?" शेजारच्या भागूकाकूनं विचारलं.

"काकू, ह्ये गाणं हाय."

"गाणं? मग दळाप कोण दळणार? तुझा बा?"

(बा पाव्हण्यांच्या शेजारीच बसलेला!)

नवऱ्याच्या बापानं बशी खाली ठेवली. "ह्या समद्या कोण?"

"आक्काच्या मैत्रिणी," मी म्हणालो. त्यात सत्तरीची धोंडाक्काबी हुती!

एवढ्यात पोह्यांचं ताट घेऊन आक्का बाहेर आली आणि हसतच सुटली. "खोटं बोलतंय मेलं! जर्मनीचं पुक् पुक् ऐकून दळायला आल्यात बिचाऱ्या. काकू, डबं ओळीनं ठेवा. ह्योच शेजारच्या गावातनं दळून आणंल."

नवरा मुलगा बेळगावात फौंड्रीत कामाला. आल्यापासनं मान खाली. तो पहिल्यांदाच बोलला, "दुसरी बाजू लावा की! आमच्या कारखान्यात सेम असंच वाजतंय!"

त्याच्या बापानं त्याच्याकडं असं बघितलं, की आप्पांच्या हातातला चहा धोतरावर सांडला. गेलं तिसरं स्थळ!

मी सतरा डबं बैलगाडीत घातलं आणि पळालो. तिथला गिरणवाला म्हणाला, "एवढं डबं? मग हात लाव!"

दिवस कलता गाडी दारात आली तवा मी केसापासनं पापण्यांपर्यंत पिठानं पांढरा फेक. पाव्हणं निघायच्या बेतात हुतं. नवऱ्याच्या बापानं मला बघितलं, चपला काढल्या आणि वाकून माझ्या पाया पडलं!

"आजोबा, तुमची नात खरं बोलती, आमास्नी पसंत हाय. ते रेकॉर्ड लावणारं येडं पोरगं तेवढं लग्नात आवरा."

मी आप्पांकडं बघितलंच न्हाय. पाव्हण्यांच्या डोक्यावर हात ठेवला, आवाज कापरा केला आणि म्हणालो, "त्या पोराचं काय खरं न्हाय बघा!"