काकूंचे साडेतीन तास

दिल्लीत आपली माणसं थोडी, त्यामुळे एकेकाच्या नावावर किस्से ढीगभर साचतात. आमच्या लक्ष्मीबाई नगरात कुठलाही किस्सा सुरू झाला की तो शेवटी समोरच्या सुलभाकाकूंपाशी येऊन थांबतो.

काकूंची लेक नेहा सॅन फ्रान्सिस्कोला असते. मागच्या खेपेला सातव्या महिन्यात तिचं मूल गेलं, तेव्हा काकू इथेच होत्या. ते त्यांना फार लागलं होतं. यंदा गोड बातमी कळताच त्यांनी जाहीर केलं, "या वेळी मी तिच्या उशाशी असणार." काकांना रिटायरमेंटच्या तोंडावर सुट्टी मिळेना. "मग मी एकटी जाते," काकू म्हणाल्या. तोवर त्या एकट्या फार तर करोल बागेपर्यंत गेल्या होत्या, तेही मेट्रोनं.

*

तिकिटाला मी सोबत गेले. एजंटला काकूंनी ठसक्यात विचारलं, "भैया, दिल्ली और सॅन फ्रान्सिस्को में कितना अंतर है?"

हिंदीत अंतर म्हणजे फरक, हे वीस वर्षं दिल्लीत काढूनही त्यांच्या पचनी पडलेलं नाही.

एजंट म्हणाला, "ज़मीन-आसमान का, आंटीजी."

काकू माझ्याकडे वळल्या. "बघ, म्हणूनच विमान लागतं!"

*

तिकिटावर लिहिलं होतं, मंगळवारी सकाळी अकराला निघणार, मंगळवारीच दुपारी अडीचला पोचणार. काकू खूश. "साडेतीनच तास? नागपूरला जायला याच्या चौपट लागतात."

काकांनी समजावलं की तिथलं घड्याळ साडेबारा तास मागे चालतं, प्रवास सोळा तासांचा आहे. काकू म्हणाल्या, "घड्याळ काय म्हणायचं ते म्हणू दे. मी सोळा तास बसेन."

*

आणि बसायचा सराव सुरू झाला! रविवारी सकाळी सहाला काकू कमरेला ओढणी बांधून हॉलमधल्या खुर्चीत बसल्या. काका ट्रेमधून चहा-पोहे आणून देत होते. मी डोकावले तर काका हळूच म्हणाले, "मॅडम सध्या जपानवर आहेत."

दहाव्या तासाला दूध उतू जायला लागलं आणि काकू धावल्या. काका म्हणाले, "इमर्जन्सी लँडिंग." पुढच्या रविवारी मात्र त्यांनी सोळा तास पुरे केले.

*

मंगळवारी विमान उडालं आणि तासाभरात जावयाचा फोन आला. दोन आठवडे आधीच मुलगी झाली होती, मायलेकी सुखरूप. काकू आकाशात, त्यांना कळवणार कसं? काका एकीकडे पेढे वाटत होते आणि एकीकडे "तिला फार लागेल गं" म्हणत होते.

उतरल्यावर काकू थेट हॉस्पिटलात गेल्या आणि नेहाला बघून रडायलाच लागल्या. "मला पुन्हा उशीर झाला गं."

नेहा म्हणाली, "उशीर कसला, आई? बाळ इथे सोमवारी रात्री झालं. तू तर मंगळवारी निघालीस."

काकूंनी डोळे पुसले, नातीला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. पुढच्या खेपेला मी रविवारी निघते."