मुरुडचं कार्ड कुणाच्या नावाचं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर ते मुरुडच्या बसस्थानकावर पेपर विकणाऱ्या काकांचे. ते माझे नात्याचे कुणी नाहीत. आमचं गाव मुरुडपासून पायी जाण्याच्या अंतरावर. आईवडील दुसऱ्यांच्या रानात रोजानं जायचे आणि आमच्या वस्तीवर पेपर येत नव्हता. शाळा सुटली की मी काकांच्या टपरीला टेकून फुकट पेपर वाचायचो. त्यांनी कधी हाकललं नाही. एवढंच म्हणायचे, "घडी मोडू नको, गिऱ्हाइकाला द्यायचाय." मी पदवीधर झालो, घरातला पहिला, तेव्हा माझा फोटो पेपरात त्यांनीच छापून आणला. मग आमच्या घरी येऊन वडिलांना म्हणाले, "नांदेडला पत्रकारितेचा कोर्स हाय. पोरगं तिकडं धाडा. लातूरला ठेवलं तर दर शनिवारी भाकरीला घरी पळंल." वडिलांनी धाडलं.

आज मी लातूरच्या एका छोट्या दैनिकात उपसंपादक आहे. तालुक्यांच्या बातम्या माझ्या टेबलावर येतात आणि त्यांत मुरुडच्या बातम्या काकांच्या असतात. आमच्याकडे रीत अशी, की ज्याच्याकडे पेपरची एजन्सी तोच त्या गावचा वार्ताहर. पगार नाही. जाहिरातीवर कमिशन, आणि गळ्यात घालायला एक कार्ड. बातमीवर नाव येत नाही. 'मुरुड (वार्ताहर)' एवढंच छापतात. हा वार्ताहर कोण, असं कुणी विचारत नाही. निदान आतापर्यंत विचारत नव्हतं.

आता दिवस फार संशयाचे आलेत. पत्रकार म्हटलं की माणसं आधी पाऊलभर मागं सरकतात. रेशन दुकानदार, मुख्याध्यापक, दवाखान्यातली नर्स, सगळ्यांना कुणीतरी कार्ड दाखवून दम दिलेला असतो. औशाच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मी एकाला पाहिलं. हातात चॅनेलचं नाव लावलेला माइक, समोर सोयाबीनचा व्यापारी घाम पुसत उत्तरं देतोय. माइकची वायर याच्या पँटच्या खिशात गेलेली. तो निघायला वळला तशी वायर बाहेर लोंबली. तिचं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. तेव्हापासून मी समोरच्याच्या कार्डाआधी वायर बघतो.

अशा तक्रारी वाढल्या तेव्हा आमच्या संपादकांनी ठरवलं, की नवी कार्डं सरसकट द्यायची नाहीत. प्रत्येक वार्ताहरानं लातूरला यायचं आणि ऑफिसात बसून, स्वतःच्या हातानं, गावातली एक बातमी लिहून दाखवायची.

काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. मला बघून हसले, पण नेहमीसारखं पाठीवर थाप मारली नाही. कागदावर त्यांनी 'मुरुड' लिहिलं, पुढं दोन टिंबं दिली आणि पेन तसंच धरून बसले. शेवटी म्हणाले, "चष्मा घरी राहिला बघा." चष्मा त्यांच्या खिशात होता. मला दिसत होता, संपादकांनाही दिसला असावा.

काका गेल्यावर संपादक म्हणाले, "हा माणूस लिहीतच नाही. कार्ड याच्या गळ्यात आणि बातम्या दुसऱ्याच कुणाच्या. भाड्यानं दिलंय की काय, बघून ये."

"मी?"

"तुझ्या ओळखीचे आहेत म्हणूनच. तुझ्याशी खोटं बोलताना त्यांना जड जाईल."

त्या संध्याकाळी मी काकांच्या जुन्या बातम्या फोनवर पुन्हा वाचल्या. वाक्यं नेटकी होती. काका बोलतात तसं एकही नव्हतं. आणि एक गोष्ट मला आधीच खटकायला हवी होती. बातमीत काही विचारायला फोन केला की ते म्हणायचे, "थांब, सांगतो," आणि मग बऱ्याच वेळानं उलटा फोन यायचा. इतके दिवस मला वाटायचं, टपरीवर गर्दी असेल. आता वाटायला लागलं, त्या मधल्या वेळात ते कुणाला विचारत होते? तो माणूस कोण, आणि या कार्डावर तो काय काय करत असेल?

मुरुडच्या बाजाराच्या दिवशी, काकांना न कळवता, मी बस पकडली. टपरी बंद होती. शेजारच्या हॉटेलात बसलो. हॉटेलवाल्यानं मला ओळखलं.

"साहेब झालाव म्हणं आता तुम्ही. चौकशीला आलाव का चहाला?"

"चहाला."

"मग पैसे द्याल. चौकशीला आलेले देत न्हाईत." बाकावरचे सगळे हसले. कप ठेवताना तो म्हणाला, "काका बाजारात हायती. पण बातमी द्यायची असल तर त्यांच्या घरी जावा. बातमी घरीच पक्की होतीय."

ते ऐकून माझा संशय आणखी घट्ट झाला.

काकांच्या घराचं दार त्यांच्या सुनेनं अर्धंच उघडलं. तिच्या लग्नाला मी गेलो होतो, पण गर्दीत तिनं मला कशाला पाहिलं असेल! मी पेपरचं नाव सांगितलं.

"कार्ड दाखवा," ती म्हणाली.

मी दाखवलं. तिनं ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "फोटोत मिशी हाय."

"काढली."

"मागल्या महिन्यात एकजण असाच आला होता. त्याच्या कार्डावर तर सही पण छापील होती." मग तिनं दार पूर्ण उघडलं.

मी पाणी पितोय तोवर काका आले. मला पाहून उंबऱ्यातच थबकले. मग पाय धुतले आणि सवयीनं असेल, सुनेकडं वळून सांगायला लागले, "पाणीपुरवठ्याची मोटर जळली. नळ बंद हायत. लोक लई तापलेत."

"मामा, जळलेली तुम्ही बघितली?" सासऱ्याला ती मामा म्हणते.

"सगळा बाजार म्हणतोय की."

"बाजार म्हणतोय ते मी लिहीत न्हाई."

"अगं, कालपासनं पाणी न्हाई, दिसत न्हाई का तुला?"

"पाणी न्हाई ते दिसतंय. मोटर कुठं दिसलीय?"

काका माझ्याकडं बघून पुटपुटले, "पोलीस बरा हिच्यापरीस," आणि चप्पल घालून परत गेले. आले तेव्हा घामाघूम होते. मोटर जळलेली नव्हती. दुरुस्तीवाला ती काढून घेऊन गेला होता आणि आधीचं बिल मिळेपर्यंत बसवणार नाही म्हणत होता. सुनेनं ग्रामसेवकाला फोन लावला, त्याचं म्हणणं विचारलं, तो चिडला तरी शांतपणे पुन्हा विचारलं. मग काकांचा फोन घेऊन भराभर टाइप केलं. थोड्या वेळानं माझ्या खिशातला फोन थरथरला. मुरुडची बातमी आली होती.

काका खाली बघत म्हणाले, "लिहायला बसलं की हात थबकतो रे. चौथीनंतर शाळा सुटली. आधी एक गुरुजी लिहून द्यायचे. त्यांची बदली झाली. मग ही आली."

"एम.ए. करायचं होतं मला," सून म्हणाली. "तेवढ्यात हे बातम्यांचं मागं लागलं. दादा, कार्ड दोन निघतील का?"

"एजन्सी एक, कार्ड एक," मी म्हणालो.

"मग हाय तसं राहू द्या," काका घाईनं म्हणाले. "मला ठाण्यात, दवाखान्यात ते बघूनच आत सोडतात. हिला कुठं जायचंय?"

"जायचं न्हाई असं कोण म्हणलं?"

काकांनी गळ्यातलं कार्ड शर्टाच्या आत सरकवलं. मला ते बघवलं नाही. भाड्यानं दिलेलं कार्ड शोधायला आलो होतो. ते सापडलं असतं तर सोपं गेलं असतं. एकजण हिंडतो, दुसरी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, आणि दोघं मिळून जे होतं त्याला आम्ही लातुरात वार्ताहर म्हणतो.

संपादकांना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि दोन कार्डांची विनंती केली. त्यांनी कार्डाचा फॉर्म माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "दोन नाही. उद्या बातमी खोटी निघाली तर जाब कुणाला विचारायचा, त्याचं नाव घाल. तूच घाल."

मी नाव घातलं. फोनवर काकांना सांगायची हिंमत झाली नाही. मेसेज पाठवला असता तर तो सुनेनंच आधी वाचला असता. म्हणून कागदावर लिहिलं आणि पोस्टात टाकलं.

*

काकांना सप्रेम जयभीम,

काका, मुरुडचं कार्ड मी तुमच्या सूनबाईंच्या नावानं करायला सांगितलं आहे. हे तुम्हांला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो.

एजन्सी तुमचीच राहील, पेपरचं पार्सल तुमच्याच नावानं येईल. तुम्ही लबाड आहात असं मी कुठंही लिहिलेलं नाही, कारण तुम्ही नाही. पण त्या दिवशी मोटर जळली असं तुम्ही मला सांगितलं असतं तर मी तसंच छापलं असतं. तुम्ही सांगितलंय म्हटल्यावर मी उलट विचारलंच नसतं. सूनबाईंनी विचारलं. तुमचा मान ठेवूनही विचारलं. कुणाला रुचत नसताना असं विचारणारं माणूसच आमच्या कामाला लागतं.

ठाण्यात, दवाखान्यात तुम्हांला अडवतील, हे खरं आहे. अडवलं तर तिथूनच मला फोन करा, मी तिथल्या साहेबांशी बोलेन. ते ऐकतीलच असं मात्र सांगू शकत नाही. कधी सूनबाईंनाच सोबत घेऊन जा.

तुमच्यामुळं मी शिकलो, आणि तुमच्याच गळ्यातलं कार्ड काढून घेतलं, असं गावात म्हणतील. तुम्हीही म्हणाल. मी ऐकून घेईन. पण माझं शिक्षण आणि हे कार्ड, यांची फेड एकमेकांत करता येत नाही, असं मला वाटतं. माझं चुकत असेल तर मोठ्यानं रागवा.

सूनबाईंना मी अजून काही कळवलेलं नाही. तुम्हीच सांगा. त्यांचा एक फोटो लागेल. त्यांना स्टँडसमोरच्या स्टुडिओत तुम्हीच घेऊन जा.

तुमचा