बाईंची पकड

आमच्या भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंची एक खोड होती. ऑपरेशनआधी पेशंटचा हात धरायच्या आणि म्हणायच्या, "दाबा. सगळा जोर लावून दाबा." सर्जन चिडवायचे, "बाई, कुस्ती झाली असेल तर सुरू करू का?" बाई ढिम्म हलायच्या नाहीत.

भुलीचा गॅस आणि अंग सैल करणारं इंजेक्शन हे दोघं जिवलग मित्र. "एकेकटे शहाण्यासारखे वागतात," बाई सांगायच्या, "एकत्र आले की चेव चढतो." गॅस चालू असला की इंजेक्शन थोडंच पुरतं. जास्त झालं तर माणूस जागा होतो, पण छातीत श्वास ओढायची ताकद नसते. म्हणून घशातली नळी काढण्याआधी बाई पुन्हा हात धरायच्या. आधीची पकड परत आली तरच नळी बाहेर. मी त्यांची सिस्टर. बोलणी खूप खाल्ली, पण ऐकून घेणारी मीही नव्हते.

मग बाईंचंच पोट उघडायची वेळ आली. भूल द्यायला त्यांचाच शिष्य. "गॅस लावशील तेव्हा इंजेक्शन हात राखून दे रे," त्यांनी बजावलं आणि माझ्यापुढे हात केला. असा दाबला की माझी बोटं एकमेकांवर चढली. "हळू, मोडाल," एवढंच म्हटलं.

शेवटी शेवटी सर्जन म्हणाले, पोट आवळतंय. म्हणून इंजेक्शनचा आणखी एक डोस गेला. टाके झाले, गॅस बंद केला, इंजेक्शनवरचा उतारा दिला. बाईंनी डोळे उघडले. शिष्य नळीकडे वळला.

"बाई, दाबा," मी म्हटलं. बोटं नुसती टेकली.

"थांब. ही त्यांची पकड नाही."

"सिस्टर, डोळे उघडलेत की."

"डोळ्यांचं मला सांगू नकोस. नळी काढलीस तर गाठ माझ्याशी आहे."

पोरगा गुणी, थांबला. मशीन श्वासाला आधार देत राहिलं. अंगात उरलेला गॅस अजून त्या डोसला जोर देत होता, तो हळूहळू बाहेर पडत होता. बाई माझ्याकडे बघत होत्या. इतक्यांना धीर देऊन झोपवणारी माझी बाई घाबरली होती. "मी आहे, सोडत नाही," मी म्हणत राहिले.

मग माझी बोटं एकमेकांवर चढली. कळ पार कोपरापर्यंत गेली.

"काढ आता," म्हटलं आणि मला रडू फुटलं.

घसा बसलेला, तरी बाई बोलल्याच. "सिस्टर, हात सोडा. कामं नाहीत का तुम्हाला?"

मी सोडला नाही.